वर हिम, खाली बर्फ

२ जानेवारी, गुरुवार

'हिम' हा शब्द आज साहेबांनी माझ्यादेखत पुसला. ओल्या फडक्याच्या एका फटक्यात. त्या जागी आपल्या तिरक्या अक्षरात 'बर्फ' लिहिले आणि खडू माझ्या हातात परत देत म्हणाले, "लोक सुट्टीला येतात गं इथं, परीक्षेला नाही."

मी लिहिले होते : 'वनवाटेवर ताजे हिम. चालण्यास उत्तम.' यात न कळण्यासारखे काय आहे? आकाशातून भुरभुरत पडते ते हिम. पाणी गोठून दगडासारखे होते तो बर्फ. दोन निराळ्या वस्तू, म्हणून दोन निराळी नावे. त्यांतले एक केवळ पाठ्यपुस्तकात राहते म्हणून त्याला घराबाहेर काढायचे?

या उद्यानाच्या माहिती केंद्रात हिवाळ्यापुरती माझी नेमणूक आहे. दारातला काळा फलक लिहिणे हे माझे मुख्य काम. सकाळी येणाऱ्या पाहुण्यांनी तो वाचावा आणि ठरवावे : घसरगाड्यांचा उतार, वनवाटेवरची चाल, पाऊलखुणांची फेरी की गोठलेले तळे. बोलण्याचे काम इतरांकडे. मला अनोळखी माणसांसमोर बोलता येत नाही, हे साहेबांनी मुलाखतीतच ओळखले होते. खडूने मात्र बोलता येते. तो खडूही आता त्यांना हवा आहे!

उद्या पुन्हा 'हिम' लिहीन.

४ जानेवारी, शनिवार

लिहिले. पुसले गेले. पुन्हा लिहिले.

माझे नाव आता 'शुद्धलेखन' पडले आहे. "शुद्धलेखन, चहाचं आधण ठेव." "शुद्धलेखन, त्या आजींना हातमोजे दे." ताईनेच पाडले ते. ताई म्हणजे इथली सर्वांत जुनी वाटाडी. पाहुण्यांना रानात घेऊन जाते. आम्ही दोघी एका खोलीत राहतो. तिच्या बाजूला दोर, शिट्ट्या, वाळत घातलेले पायमोजे. माझ्या बाजूला पुस्तके. मधली सतरंजी ही सीमारेषा, आणि तिचे पायमोजे रोज ती ओलांडतात.

पायाखाली बांधायच्या रुंद चौकटींना इथे सगळे स्नोशूज म्हणतात. मी जाळीबूट म्हणते. काल एका पाहुण्याने मुलाला विचारले, "तुझे जाळीबूट कुठे ठेवलेस?" मी कपाटाआड उभी राहून ऐकले. एक शब्द रुजला.

८ जानेवारी, बुधवार

दिवसभर कोणाशी बोलले नाही. फलक सुरेख झाला.

१० जानेवारी, शुक्रवार

ताईबरोबर पाऊलखुणांच्या फेरीला गेले, सर्वांत मागे. रात्रीतून पडलेल्या हिमावर सशाने काय केले, कोल्ह्याने काय केले, सारे जसेच्या तसे उमटलेले. सशाची पावले एका झुडपापाशी येऊन थांबली होती, आणि कोल्ह्याची पलीकडून येऊन तिथेच. पाहुण्यांतल्या एका काकांनी विचारले, "मग पुढं?" ताईने मागे वळून माझ्याकडे पाहिले. मला पुढचे ठाऊक होते. ससा उलट्या पावली आपल्याच ठशांवरून मागे गेला आणि मग बाजूला लांब उडी मारली. ती उडी मला दिसत होती. पण मी खाली वाकून जाळीबुटाचा पट्टा आवळत राहिले. शेवटी ताईने सांगितले.

परतताना म्हणाली, "फेब्रुवारीत ही फेरी तू घ्यायचीस."

"मला जमणार नाही."

"डोळे आहेत तुला. तोंडही असेलच कुठंतरी."

साहेबांना कळल्यावर ते हसले. "हिला नेऊ नकोस बाई पुढं. हिचं मराठी ऐकून लोक जागच्या जागी गोठतील."

सगळे हसले. खरे म्हणजे विनोद चांगला होता. म्हणूनच अधिक लागला. ही फेरी मला हवी आहे. इतकी हवी आहे की हे वाक्य लिहितानाही ओशाळल्यासारखे होते.

१३ जानेवारी, सोमवार

आईचा फोन. "थंडी बाधली नाही ना? घरात काय पुस्तकं कमी होती, म्हणून तिकडं डोंगरात जाऊन बसलीस?" मग आवाज उतरवून, "आणि साहेबांशी वाद घालू नकोस गं. तुला भांडताना श्वास पुरत नाही."

खरे आहे. म्हणून तर लिहिते.

१६ जानेवारी, गुरुवार

रविवारी मोठा जथा येणार आहे. पाच-सहा कुटुंबे, एकत्र. साहेबांनी त्यांना 'तळेपार चाल' कबूल केली आहे : जाळीबूट घालून थेट गोठलेल्या तळ्यावरून पलीकडच्या तीरापर्यंत, तिथल्या झोपडीत गरम सूप, आणि परत. या हिवाळ्यातली पहिलीच. आजपर्यंत मी फलकावर रोज 'तळे : बंद' लिहीत आले.

पलीकडच्या झोपडीत तळेकाका राहतात. रोज सकाळी वायरलेसवरून उतार, वाट आणि तळे यांची खबर देतात, ती मी उतरवून घेते. गडगडाटी हसतात, आणि त्यांच्या लेखी पांढरे ते सगळे बर्फ. उतारावर बर्फ, झाडावर बर्फ, "मिशीवर बर्फ, लिही!"

१७ जानेवारी, शुक्रवार

सगळे शांतपणे लिहायचे आहे. क्रमाने.

सकाळी वायरलेसवर तळेकाका : "उतार चांगला. वाट चांगली. तळ्यावर वीतभर बर्फ."

साहेब मागेच उभे होते. त्यांनी टाळी वाजवली. "वीतभर! वीतभर बर्फावरून गाडी जाते. लिही, तळे खुले."

मी खडू उचलला. आणि थांबले. वीतभर काय? कालपरवा दोन दिवस सतत पडत होते. वीतभर तर तेच साचले असणार.

मी बटण दाबले. एवढे धाडस कुठून आले, ठाऊक नाही. "काका, वीतभर वरचं की खालचं?"

"बर्फ म्हणजे बर्फ गं."

"कसा मोजलात?"

"काठी खुपसली. वीतभर आत गेली. मग खट् वाजलं."

काठी आत गेली! बर्फात काठी जाते का? काठी गेली ती हिमात. खट् वाजला तो बर्फ, आणि तो किती जाड, हे काठीला कळत नाही. त्यासाठी बर्फाला भोक पाडणारे गिरमिट लागते. मी विचारले. काका म्हणाले, "गिरमिटाचं पातं मोडलंय आठवड्यापूर्वी. नवं मागवलंय ना साहेबांनी?"

साहेबांनी मागवले होते. आलेले नाही.

"साहेब, त्यांनी हिम मोजलं आहे. बर्फ कुणी मोजलेलाच नाही."

"झालं हिचं सुरू! अगं, एवढी थंडी पडलीय. तुझा-माझा चहा कपात गोठतोय, तळं गोठणार नाही?"

वर हिम असले की ते पांघरुणासारखे काम करते. थंडी खाली पोहोचत नाही, बर्फ जाड होत नाही. हे मी वाचले आहे, आणि तसे सांगितले. "वाचलं आहे" हे शब्द मी इथे उच्चारायला नको होते.

"वाचलं आहे!" साहेब सर्वांकडे पाहत म्हणाले. "बरं. आता लिही."

मी खडू टेबलावर ठेवला. लिहिले नाही. त्यांनी स्वतः लिहिले.

१८ जानेवारी, शनिवार

साहेबांनी खोलीत बोलावून सांगितले. आवाज चढवला नाही, तेच अधिक वाईट. "उद्या पाहुण्यांसमोर असलं काही चाललं, तर बुधवारच्या गाडीनं घरी जायचं. आणि ती फेरीबिरी विसर." माझ्याविषयी त्यांच्या मनात आकस नाही. शब्दांवरून हट्ट धरणारी मुलगी, एवढेच त्यांना दिसते.

ताई पायमोजे शिवत होती. म्हणाली, "शब्दापायी जागा घालवशील?"

"शब्दापायी नाही. तळ्यापायी."

"मी दरवर्षी चालते त्या तळ्यावरून."

"दरवर्षी मोजून ना?"

ताईने दोरा दाताने तोडला. फेब्रुवारीतल्या फेरीचा विषय तिने काढला नाही. मीही काढला नाही.

१९ जानेवारी, रविवार

मी बोलले.

तळ्याकडे उतरणाऱ्या वाटेला एक लाकडी फाटक आहे. जथा तिथे पोहोचण्याआधी मी त्याला पाठ लावून उभी राहिले. रंगीबेरंगी टोप्या, हसणारी तोंडे, सर्वांच्या पायांत जाळीबूट. आणि मी म्हटले, म्हणजे माझ्या तोंडून आले ते असे : "अभ्यागतांनी सरोवरावर पदार्पण करू नये."

हशा पिकला. कोणीतरी फोटो काढला. एका मुलीने वडिलांना विचारले, "नाटक आहे का?" एका काकांनी नाटकीपणे कमरेत वाकून म्हटले, "पदार्पणाची अनुज्ञा असावी, महाराणी." मी पाठीमागे फाटकाची कडी घट्ट धरून ठेवली.

लाल टोपीतल्या एक आजी पुढे आल्या. "बाळ, नीट सांग. काय झालंय?"

त्यांच्याकडे पाहूनच बोलले, इतरांकडे नाही. "आजी, तळ्यावर वर आहे ते हिम. मऊ. खाली आहे तो बर्फ. वरचं वीतभर आहे. खालचा किती आहे, ते कुणी मोजलेलं नाही."

आजींनी मागे वळून विचारले, "मोजलेलं नाही? मग कशाला निघालोय आपण?"

हशा थांबला. तेवढ्यात साहेब आले. चेहरा आजींच्या टोपीपेक्षा लाल. त्यांनी कोठारातून पहार मागवली, काठापासून दहा-बारा पावलांवर गेले आणि स्वतः घाव घालू लागले. सगळे फाटकापाशी उभे राहून बघत होते. मी तर श्वास रोखूनच होते. बऱ्याच घावांनंतर पाणी आले. साहेबांनी हात भोकात घालून पंजा ताणला आणि वर काढून सर्वांना दाखवला.

वीतभर. बर्फही वीतभरच निघाला.

"बघ," साहेब धापा टाकत म्हणाले, "हिम वीतभर, बर्फ वीतभर. कुठला हवा तो शब्द घे."

कोणी टाळ्या वाजवल्या. मुले काठाच्या बर्फावर धावली. दुपारभर तिथे घसरणे, लोळणे, फोटो. आजींनी जाताना माझ्या गालाला हात लावला. तिरस्काराने लावला असता तर बरे झाले असते.

साहेब म्हणाले, "बुधवारची गाडी. आज तुझ्यापायी वेळ गेला, तळेपार चाल उद्या सकाळी."

मी चुकले, असे सगळे म्हणतात. मी इथे लिहून ठेवते : मी चुकले नाही. मी 'मोजलेले नाही' म्हटले होते. ते म्हटल्यावरच मोजले गेले. आणि मोजले तेही काठावर.

२० जानेवारी, सोमवार

सर्वांच्या आधी उठले. फलकावर साहेबांच्या अक्षरात होते : 'तळेपार चाल. तळे खुले. वीतभर बर्फ!' ते उद्गारचिन्ह विशेष डोळ्यांत खुपले.

ओले फडके घेतले. एकाच फटक्यात पुसले. कसे पुसायचे, ते त्यांच्याकडूनच शिकले आहे.

मग लिहिले. अभ्यागत नाही, सरोवर नाही, हिमसुद्धा नाही. एवढेच :

'काठाला मोजला. मध्ये मोजलेला नाही.'

सुटकेस आधीच भरून ठेवली होती, त्यामुळे भीती वाटण्यासारखे काही उरले नव्हते. हे फार मोकळे करणारे आहे. आईला सांगायला हवे, श्वास पुरला.

पहिली ताई आली. खांद्यावर दोर, हातात काठ्या. फलक वाचला. पुन्हा वाचला. मी काउंटरमागे उभी होते. तिने माझ्याकडे पाहिलेही नाही.

साहेब आले, वाचले, आणि त्यांनी खडूसाठी हात पुढे केला. तेव्हा ताई म्हणाली, "मध्ये मोजल्याशिवाय मी कुणाला नेत नाही."

"तू पण? अगं, दरवर्षी जातेस!"

"दरवर्षी मोजून जाते. काल लक्षात आलं." मग दोर खुंटीला टांगत, "तुम्ही न्या की साहेब. दोर देते."

साहेबांनी दोराकडे पाहिले. खडूसाठी पुढे केलेला हात मागे घेतला. जथा घसरगाड्यांवर गेला. पोरे खूश होती. मोठ्यांनी थोडी कुरकुर केली.

दुपारी सामानाच्या गाडीने गिरमिटाचे नवे पाते आले. तळेकाका स्वतः तळ्याला वळसा घालून घ्यायला आले. पाते कुशीत धरून जाताना मला म्हणाले, "उद्या सकाळी कमरेला दोर बांधून, शिडी पोटाखाली घालून जातो मध्ये. तुझ्या त्या शब्दापायी सगळा काठ भांडतोय, शुद्धलेखन."

"काका, शिडी लांबच घ्या."

"घेतो गं, घेतो." आणि तसेच गडगडाटी हसले.

सुटकेस दाराशी आहे. ती उघडायची नाही. पण ताईचे पायमोजे पुन्हा माझ्या बाजूला आले आहेत, आणि आज मी ते परत ढकलले नाहीत.

२१ जानेवारी, मंगळवार

सकाळी वायरलेस. साहेब शेजारीच उभे. तळेकाका हसत नव्हते.

"मध्ये मोजलं. लिहून घे. वर हिम, वीतभर."

मग नुसती खरखर. मग पुन्हा त्यांचा आवाज :

"खाली बर्फ, बोटाच्या पेराएवढा. मग पाणी."