नववी अ-चा स्पेक्ट्रम

मनामा,
१४ मार्च १९८५

प्रिय ग्लॅडिस,

जिंकलो गं! माझा स्पेक्ट्रम जिंकला! कालपासून कुणाला तरी आपल्या भाषेत ओरडून सांगायचं होतं, म्हणून हे पत्र.

पहिल्यापासून सांगते. ऑगस्टीनचं कॉन्ट्रॅक्ट खलास झालं हे तुला ठाऊक आहेच. मेअखेर त्याचा व्हिसा संपतो, आणि त्याच्यावरच माझा नि आमच्या लेकीचा, ब्रिजिटचा. मी शाळेत गणित शिकवते खरी, पण बदली शिक्षिका म्हणून. यंदा शाळेने कॉम्प्युटरचा वर्ग काढायचं ठरवलं. ज्याचं मशीन प्रिन्सिपलना पटेल, तीच मशीनं घ्यायची आणि वर्गही त्याच शिक्षकाला. मला मिळाला तर पक्की नोकरी आणि शाळेचा व्हिसा! एका बाजूला मी आणि ऑगस्टीनने हौसेने घेतलेला रबरी बटणांचा, पाटीएवढा स्पेक्ट्रम कॉम्प्युटर. दुसऱ्या बाजूला रत्नागिरीचे नजीब सर आणि त्यांचा जाडजूड कमोडोर. त्यांची फिजिक्सची नोकरी पक्कीच आहे, त्यांना हवी होती फक्त शान.

शाळेत नुसतं युद्ध! नववी अ माझी, नववी ब त्यांची. ब-ची पोरं स्पेक्ट्रमला खोडरबर म्हणायची, आमची कमोडोरला पावाची लादी. डबे वाटून खाणं बंद झालं. स्टाफरूममध्ये नजीब सर रोज विचारायचे, तुमचा उंदीर आज चित्कारला का म्हणून.

काल पालकांसमोर दोन्ही मशीनांची परीक्षा होती. आधी कमोडोरने रंग दाखवले, गाणं वाजवलं, टाळ्यांनी हॉल दणाणला. मग मी टेपरेकॉर्डरला स्पेक्ट्रमची वायर जोडली, प्रोग्राम भरलेली म्हणून कॅसेट लावली. ढिम्म काही नाही. टेप चालतेय का बघायला वायर उपटली आणि हॉलभर आपली आई बोलायला लागली! पापडाला ऊन लागत नाही, शेजारच्यांची म्हैस पुन्हा केळीत शिरली, ऑगस्टीनचा खोकला गेला का. आता तुला कळलं असेल. एका बाजूला आईचा निरोप, दुसऱ्या बाजूला आमचा, ती कॅसेट माझ्याकडेच राहिली, आणि गावी निघालेल्या पायसच्या हातून मी पाठवली ती प्रोग्रामची. तेव्हा आईला सांग, जी किंचाळी ऐकून तिने क्रूस काढला असं तू लिहिलंस, ते भूत नव्हतं, पाढे विचारणारा प्रोग्राम होता, टेपवर तो असाच किंचाळतो.

हॉलमध्ये मराठी कळणारे नजीब सर तेवढे पोट धरून हसत होते. मला रडू फुटणार होतं. मग इथल्या अरबांसारखं म्हटलं, यल्ला, चला, होऊ दे! प्रोग्राम आठवून हातानेच भरायला बसले. मध्येच अडले, तर पहिल्या बाकावरची ताहेरा उठून पुढची ओळ ओरडली. मग अख्खी नववी अ ओरडायला लागली! पोरांना सगळा पाठ होता गं. आमच्या स्पेक्ट्रमवर एक बटण दाबलं की सबंध शब्द उमटतो, त्यामुळे बोटं नुसती पळत होती. शेवटच्या ओळीत एक खूण राहिली, ती कुणी दाखवली माहितेय? नजीब सरांनी. हरायचं तर नीट हरू, म्हणाले. स्क्रीनवर पहिला पाढा आला आणि ब-च्या पोरांनीसुद्धा बाकं बडवली. पोरांना पाठ होतं तेच मशीन घ्यायचं, असं म्हणत प्रिन्सिपलनी तिथेच वर्ग माझ्या हवाली केला.

आता जे लिहायला बसले ते लिहिते. शाळेचा व्हिसा माझ्या एकटीचाच आहे. घरच्यांचा मिळत नाही, आज ऑफिसात विचारून आले. नोकरी सोडली तर चौघांनी, आईला धरून, खायचं काय? तेव्हा मेअखेर ऑगस्टीन ब्रिजिटला घेऊन गावी येतोय, मी इथेच राहीन. तो मला धीर देतो आणि स्वतः गॅलरीत जाऊन उभा राहतो. ब्रिजिटला अजून सांगितलेलं नाही. आपण जिंकलो म्हणून ती आत्ता सोफ्यावर उड्या मारतेय. ग्लॅडिस, तिला तुझ्याजवळ झोपव. झोपेत ती कान धरते. माझाच लागतो तिला, पण तू आपला पुढे कर.

तुझीच,
अ‍ॅलिस