दोन ट्रॉल्या, एक ब्रेक

इंदिरानगर, नाशिक
४ जानेवारी २०२५

ती. दादास,
उज्वलाचा शि. सा. न. वि. वि.

फोन केला की तू ट्रॅक्टर चालू ठेवूनच बोलतोस आणि ऐकू आलं नाही म्हणतोस, म्हणून हे पत्र.

वहिनी सांगत होत्या, हल्ली तू एका ट्रॅक्टरला कांद्याच्या दोन भरल्या ट्रॉल्या जोडून लासलगावला जातोस आणि कुणी टोकलं तर बी.एस्सी. झालेल्या बहिणीचा दाखला देतोस. दिवाळीत मी नेमकं काय बोलले ते डायरीत पाहिलं. इंजिनाचा जोर तेवढाच आणि वजन दुप्पट, तर वेग धरायला दुप्पट वेळ लागतो, एवढंच. जड गाडी पळतच नाही, मग धडकेल कशी, हे शास्त्र तुझं स्वतःचं.

तरी चूक माझीही आहे. मी अर्धंच सांगितलं. जे वजन सावकाश वेग धरतं, ते थांबतंही सावकाश. ब्रेक ट्रॅक्टरला आहे, ट्रॉल्यांना नाही. त्या मागून ढकलतच राहणार. वहिनी वीस वर्षं तुझ्या मडगार्डवर बसून बाजाराला येतात. तू तुझ्या अकलेने पडशील, त्यांनी काय केलंय?

वीस तारखेच्या खेपेआधी एक ट्रॉली सोड. लोभ आहेच, तो वाढवायला तू धडधाकट हवास.

तुझी उज्वला


मळ्यातून
९ जानेवारी

चि. उजीस,
भिकनदादाचे आशीर्वाद. सध्या अर्धेच.

तुझं पत्र तुझ्या वहिनीनं, नवसानं, दोनदा वाचून दाखवलं, दुसऱ्यांदा मुद्दाम मोठ्यानं. दिवाळीत जड म्हणजे हळू होतं, संक्रांतीला जड म्हणजे धोका झालं. तुमचा नियम सणासणाला बदलतो का? नाशकात द्वारकेच्या चौकात तू स्कूटी घेऊन तीन सिग्नल उभी राहतेस, मागचे हॉर्न मारून दमतात, आणि मला ब्रेक शिकवतेस! बाजाराची निम्मी रांग दोन ट्रॉल्यांचीच असते.

वीसला दोन्ही जाणार. नवसाही बसणार. ती नाय म्हणतीये, पण तुझं पत्र आल्यापासून ती लय हुशार झालीये.

लोभ ठेव, उपदेश आवर.

भिकन


इंदिरानगर
१३ जानेवारी

ती. दादास, सा. न.

निम्मी रांग तशी जाते हे खरं. निम्मी रांग दारूही पिते.

मला फक्त जिंकायचंय का, असं स्वतःला विचारलं. थोडंसं हो, असं उत्तर आलं. म्हणून माझ्या शब्दावर जाऊ नकोस. चुन्याच्या फक्कीची रेघ मार. आधी एक भरली ट्रॉली, मग दोन. वेग तोच, रेघेवर ब्रेक, आणि थांबेपर्यंतची पावलं वहिनींना खाली उभं राहून मोजू दे. मी खोटी ठरले तर गावभर वाटायला पेढे पाठवते.

राग धर, पण रेघ मार.

उज्वला


मळ्यातून
१८ जानेवारी

चि. उज्वलास, आशीर्वाद. या खेपेला पुरे.

केला तुझा प्रयोग. रानात पाणी भरलेलं, म्हणून खळ्यात रेघ मारली. समोर आपली रिकामी कांदाचाळ होती. चाळ टाळावी असं तुझ्या पत्रात कुठं होतं?

एका ट्रॉलीला नऊ पावलं लागली. मी मिशीला ताव दिला. दुसरी जोडली आणि नवसाला म्हटलं, चल, बस, गंमत बघ. ती म्हणाली, उज्वलाताईंनी मला खाली उभं राहायला सांगितलंय.

रेघेवर ब्रेक पुरा दाबला. चाकं थांबली, ट्रॅक्टर नाय थांबला. मागच्या दोघींनी त्याला वाकडा करून चाळीत घातला. तीन खांब गेले, पत्रा खाली आला. मला खरचटलंय. नवसा पावलं मोजत चाळीपर्यंत आली, चौदा म्हणाली, आणि चाळ आडवी आली नसती तर पुढंही मोजली असती म्हणाली.

गावात मी सांगतोय की ब्रेक खराब होता. तू खोडून काढू नको.

डावं मडगार्ड सीटपर्यंत आत गेलंय. नवसा तिथंच बसते.

वीसला एकच ट्रॉली नेतोय. नवसा एस.टी.नं येणार आहे.

तुझा दादा