पंप कुठे विसळला

दादा,

आल्या आल्या टाकीचं पाणी पिऊ नकोस. वहिनी आणि छोटी तुझ्याआधी पोचल्या तर, म्हणून नळाला फडकं बांधून ठेवलंय.

मिरचीच्या रोपांवर रोग नाही. रोग असता तर इथे एक, तिथे एक असा दिसला असता. दारालगतच्या चार ओळी सरसकट पिळवटल्यात, शेंड्याची कोवळी पानं वाटीसारखी वळलीत. खालची जुनी पानं मात्र ठणठणीत आहेत. हा तणनाशकाचाच मार. बाबांनी तणनाशकाचा पंप न धुता त्यानेच रोपांना पाणी दिलं.

मग नंतर तो पंप कुठे विसळला, म्हणून विचारलं. आधी म्हणाले बांधावर, मग म्हणाले टाकीत. तिसऱ्यांदा म्हणाले, "तुझ्या आईला विचार, तिनेच विसळलाय." आईला जाऊन चार वर्षं झाली, दादा.

त्यांना मळमळतंय, म्हणून डॉक्टरांकडे घेऊन जातेय. तणनाशकाची बाटली दाखवायला सोबत घेतलीय. तूही तिकडेच ये.

त्यांच्यावर ओरडू नकोस. ते विसरायला लागलेत हे मला महिनाभरापासून दिसत होतं. तुला सांगायची भीती वाटली.

— धाकटी