नेहमीचा डोस

३ फेब्रुवारी

चि. गुंड्यास,
अनेक आशीर्वाद, वि. वि. फोन केला की तू राउंडवर असतोस, म्हणून पत्र. टक्कल पडलेल्या कॅन्सरतज्ज्ञाला गुंड्या म्हणते याचा राग आला तरी वाच.

बाबांना जाऊन दोन महिने झाले, पण त्यांचं तोंड माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. आतड्याच्या ऑपरेशननंतर तू गोळ्या सुरू केल्यास आणि आठवडाभरात जीभ, गाल, टाळू सगळं सोलून निघालं. मी दातांची डॉक्टर, जन्मभर लोकांच्या तोंडातच बघत आले. असं तोंड कधी बघितलं नव्हतं. तुला फोन केला तर म्हणालास, केमोत एवढं चालायचंच, गोळ्या चालू ठेव. पाणीही गिळवेना तेव्हा त्या थांबल्या. तोवर रक्तातल्या पांढऱ्या पेशी संपल्या होत्या.

गेल्या महिन्यात वाचनात आलं, हे औषध शरीरात मोडून टाकणारं एक द्रव्य काही माणसांत जन्मतःच कमी असतं. जनुकातली खोट. त्यांना नेहमीचा डोस म्हणजे विषच, आणि रक्त तपासलं तर ते आधी कळतं. बाबा आता नाहीत, म्हणून मी माझंच रक्त पाठवलं. माझ्यात ती खोट निघाली. तुला ही तपासणी माहीत होती का? आडवळणं न घेता लिही.

स्वतःला जप.
तुझी ताई

११ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि. नाव ऐकून होतो. शेवटच्या वर्षाला यावर एक तास झाला होता, जेवणानंतरचा. परीक्षेला येत नाही म्हणून निम्मा वर्ग बाहेर आणि उरलेला पेंगत. पुढे कुणी शिकवलं नाही, मीही विचारलं नाही. आमच्या विभागात आजवर कुणी ही तपासणी लिहून दिलेली नाही. नमुना बाहेरच्या लॅबला पाठवावा लागतो, आणि रिपोर्ट आलाच तर डोस किती उतरवायचा हे आमच्यातल्या एकालाही धड सांगता येणार नाही. फार्मसीवालेही हात वर करतात. म्हणजे मी एकटाच अडाणी नाही.

बाबा माझेही होते, ताई. आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केल्यासारखं लिहू नकोस. आणि हे आत्याच्या कानावर घालू नकोस, उगाच घाबरेल.

मेहुण्यांना नमस्कार. राग निवळला की चार ओळी टाक.
तुझा गुंड्या

१९ फेब्रुवारी

चि. गुंड्यास,
आशीर्वाद. आत्याच्या कानावर घालावंच लागलं. तिचंही दुखणं बाबांचंच, ऑपरेशन झालंय, हे तुला ठाऊक आहे. काल कळलं की याच गोळ्या तिला पुढच्या आठवड्यात सुरू होणार. बाबांची सख्खी बहीण आहे ती!

तिच्या डॉक्टरांना भेटून आले. म्हणाले, इतकी वर्षं देतोय, असलं काही बघितलं नाही. दातांच्या डॉक्टरनं दातांपुरतं बघावं. कंपाउंडर बाहेर हसत होता. तू एक फोन कर. तू त्यांच्यातला, तुझं ऐकतील. बाबांचं काय झालं तेवढं सांग, बाकी काही नको.

वाट बघते.
ताई

२३ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. दुसऱ्याच्या पेशंटमध्ये नाक खुपसायची आमच्यात पद्धत नाही. शिवाय बाबांचं सांगायचं म्हणजे गोळ्या कुणी दिल्या तेही सांगावं लागणार. पुढच्या महिन्यात विभागप्रमुख कोण हे ठरतंय. समजून घे. आत्याला म्हणावं, तोंड आलं तर लगेच गोळ्या थांबव.

माया कमी करू नकोस.
गुंड्या

१४ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि. तुझं पत्रच नाही. मेहुण्यांकडून कळलं की आत्याची तपासणी झाली आणि ती ठीक आहे. जीव भांड्यात पडला.

इकडे मी विभागप्रमुख झालो. तुला बरं वाटेल, पहिलंच काम म्हणून डॉक्टर आणि नर्सेसना याच विषयाचं प्रशिक्षण दिलं. चहानंतर निम्म्या खुर्च्या रिकाम्या झाल्या, पण राहिले त्यांनी टाळ्या वाजवल्या. बाबांचीच केस सांगितली, एकोणसत्तर वर्षांचा पुरुष म्हणून. गोळ्या कुणी दिल्या असं एका नर्सनं विचारलं, तेव्हा बाहेरच्या एका डॉक्टरनं, असं सांगून वेळ निभावली.

आत्याला भेटायला येईन म्हणतो. तिला विचारून कळव.
तुझाच,
गुंड्या

२२ एप्रिल

चि. गुंड्यास,
आशीर्वाद, मोठी आहे म्हणून.

आत्यानं त्या डॉक्टरांना तोंडावर सांगितलं की तपासणीशिवाय गोळीला हात लावणार नाही, हवं तर केसपेपरवर हट्टी म्हातारी असं लिहा. शेवटी वैतागून त्यांनी रक्त पाठवलं. खोट तीच निघाली. मग कुठूनतरी माहिती काढून त्यांनी अर्ध्या डोसवर सुरुवात केली. मी तिचं तोंड येता-जाता बघते. जीभ गुलाबी आहे, भात खाते, माझ्यावर खेकसते.

तुझा निरोप सांगितला. तू फोन का केला नाहीस हे तिनं विचारलं, मी तुझं फेब्रुवारीतलं पत्र वाचून दाखवलं. मग म्हणाली, भावाच्या वेळी पोराला माहीत नव्हतं, ते मी सोडून दिलं. माझ्या वेळी माहीत होतं. त्याला म्हणावं, येऊ नकोस.

यात माझं वेगळं काही म्हणणं नाही.
ताई