हनुवटीवरचा ठिपका

लोहारा, मंगळवार, दिवेलागण

आज लई थकलोय. चूक कॅमेऱ्याची म्हणू का माझी? नवा फुलफ्रेम कॅमेरा, आणि शेतातल्या मांडवात, ज्वारीच्या अक्षता उडत असताना, मी लेन्स बदलली. आतल्या सेन्सरवर धूळ बसणारच की! तेव्हापासून प्रत्येक फोटोत एक काळपट ठिपका. कॅमेरा पालथा धरून ब्लोअरनं हवा मारली, निघाला नाही. ओल्या पट्टीनं पुसायला हात धजत नाही. सेन्सरला ओरखडा पडला तर संपलंच. म्हणून आठवडाभर कॉम्प्युटरवर एकेका फोटोतला ठिपका पुसत बसलो. शेवटी शेवटी चेहरे दिसेनातच, नुसते ठिपके.

आज संध्याकाळी नवरीची म्हातारी आत्या अल्बम न्यायला स्टुडिओत आली. स्वतःच्या फोटोवर थांबली.

"लेकरा, माझं गोंदण कुठं गेलं?"

हनुवटीवरचा तो हिरवट ठिपका. धूळ समजून तोही पुसला होता मी.

"चुकलं, आत्याबाई. दुसरा फोटो काढून देतो तुम्हाला."

रागावली असती तर बरं झालं असतं. "दागिने हितंच ऱ्हातेत रं," एवढंच म्हणाली. "मेल्यावर संगं येतंय ते गोंदणच."

आता मूळ फोटो उघडलाय. गोंदण आहे जागेवर. वर आभाळात सेन्सरचा ठिपकाही आहे. पण डोळ्यांपुढून हलत नाही ते वेगळंच. जाताना ती दारात थांबली, बोटानं हनुवटी घासली, आणि बोटाला काही लागलंय का ते बघितलं.