पायांखालच्या फळीची व्यवस्था

मी, सुकदेव दगा निकुंभ, वय वर्षे एकाहत्तर, राहणार गोडादरा, सुरत, मूळचा शिंदखेडा तालुक्याचा, हे मृत्युपत्र स्वेच्छेने व पूर्ण शुद्धीवर राहून लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर असल्याचे डॉक्टरांनी लिहून दिले आहे. पत्नी मंगलाबाई यांचे मत वेगळे असून तेही नोंदवणे मला न्याय्य वाटते.

१. राहते घर व ठेव मंगलाबाईंची. त्यांच्या पश्चात गोपाल व ललित या मुलांनी समान वाटून घ्यावी.

२. माझ्या पोथ्या लिंबायतच्या मंदिरास द्याव्यात. तेथे देह नश्वर आहे असे मी वर्षानुवर्षे सांगत आलो, आणि प्रत्येक वेळी बसायला मऊ आसन मागितले. ते आसनही द्यावे.

३. यंत्रमागाच्या दुरुस्तीची माझी हत्यारे शेजारी छगन यास. निम्मी त्याच्याच घरी आहेत. उरलेली नेण्याचे कष्ट त्याने घ्यावेत.

४. आता वादाची वस्तू. ललितने संगणकावरील मोटारशर्यतीच्या खेळासाठी स्टिअरिंग व पेडल आणले. "बाबा, सगळं खरं वाटतं, फक्त पायाखाली गाडी थरथरत नाही," असे तो म्हणाला. संसार मिथ्या आहे असे सांगणाऱ्या मी ती मिथ्या गाडी अधिक खरी करण्याचे काम तत्काळ अंगावर घेतले. शिलाई यंत्राची जुनी मोटार, तिच्या दांड्याला एकाच बाजूला लोखंडी वजन, वर पाय ठेवायला सागाची फळी. पेडल दाबले की मोटार फिरे. वजन मात्र मी मागाच्या हिशेबाने बसवले. पहिल्याच चाचणीत देव्हाऱ्यातला बाळकृष्ण सरकत कडेला आला आणि तांदळाच्या डब्यात उतरला. खालच्या मजल्यावरील भाडेकरू शोभाबाई नातवाला घेऊन रस्त्यावर धावल्या व तेथून म्हणाल्या, "बाबा, पोथीतला प्रलय आजच होता का? सांगायचं तरी."

मंगलाबाई एवढेच म्हणाल्या, "देऊळमा वैराग्य सांगतस, अन् घरमा फळी नाचाडतस."

मी वजन कमी केले. तेव्हापासून ललित ती फळी कतारगामच्या नव्या घरी नेणार म्हणतो, गोपाल भंगारात घालणार म्हणतो आणि मंगलाबाई तापीत सोडणार म्हणतात.

परंतु मध्यंतरी मी मंदिरातून लवकर परतलो. संगणक बंद होता. मंगलाबाई पेडलवर वरवंटा ठेवून, दोन्ही पाय फळीवर टेकवून, खुर्चीत गाढ झोपल्या होत्या. उभे आयुष्य त्यांनी मागांशेजारी बसून सुताच्या कांड्या भरल्या. पायाखालची जमीन सदैव हलत असे. कारखाना सुटल्यापासून त्यांना झोप नव्हती. त्यावर मी नामस्मरण सुचवले होते.

मी आल्या पावली मंदिरात परत गेलो.

सबब फळी, मोटार, पेडल व वरवंटा मंगलाबाईंना देत आहे. ललितला हवी असल्यास मी हयात आहे तोवर दुसरी करून देईन. "मले नको" असे त्या म्हणतील. तो होकार समजावा. फळी बंद पडल्यास मुलांनी आधी ती दुरुस्त करावी, माझे श्राद्ध त्यानंतर.

५. खालील सही वाकडी आली आहे. त्यावरून माझ्या शुद्धीविषयी कोणी शंका घेऊ नये. सही करतेवेळी, मी मंदिरात गेलो असे समजून, मंगलाबाईंनी आतल्या खोलीत फळी चालू केली व थरथर मेजापर्यंत पोहोचली. आम्ही तिघांनी आवाज केला नाही.

सुकदेव दगा निकुंभ

साक्षीदार:
१. आनंदा लोटू बाविस्कर (माझीही सही त्याच कारणाने वाकडी.)
२. शोभाबाई, खालचा मजला (या वेळी पळाले नाही.)

सुरत, मार्गशीर्ष शके १९२१, दिनांक १८ डिसेंबर १९९९