कापसाची वात

माय, तू माझ्या पोरीच्या ओठांतून कापसाची वात ओढून काढलीस, वाटीतलं गुळाचं पाणी मोरीत ओतलंस आणि दाराला आतून कडी घातलीस. पोर रडायला लागली. मी बाजेवर बसले होते, पाठीशी गोधडीची गुंडाळी, छाती दगडासारखी, पदराचा स्पर्शही सोसवत नव्हता. जन्मल्यापासून पोर ती वातच चोखत होती. माझ्या सासरची रीत तशी होती. बाळाच्या आत्यानं येऊन कडुलिंबाच्या पाण्यानं आईची छाती धुतल्याशिवाय बाळाला अंगावर घ्यायचं नाही. आत्या शिरपूरला, आपण शिंदखेड्याकडे, मध्ये तापी, आणि तापीला पूर. नाव बंद होती. सासूबाईंचा निरोप येऊन पडला होता, थांबा. आबाही म्हणाले होते, आपल्या लेकीला त्याच घरात नांदायचं आहे, उगाच बोल कशाला. त्या दिवशी सकाळपासून बाळाचं दुपटं कोरडं होतं. तू ते दोन्ही हातांत धरून पाहिलंस, नाकाशी नेलंस, आणि मग उठलीस.

"पोरले रीत समजत नही," तू म्हणालीस. "तिले भूक शे."

मला वाटलं होतं, एकदा छातीशी धरलं की झालं. झालं नाही. वात बारीक असते, ओठांच्या टोकानं चोखली तरी गोड पाणी सुटतं. ती तेवढंच शिकली होती. तोंड उघडतच नव्हती. ओठ आवळून टोकाशी चुळबुळ करायची, घसरायची, लाल होऊन रडायची, आणि रडता रडता झोपायची. ते झोपणं मला रडण्यापेक्षा भयंकर वाटे. मी तिच्यावर ओणवी होऊन कोंबायला बघत होते. तू माझा खांदा धरून मला मागे टेकवलंस. "तू तिनाकडे वाकू नको. तिले तुनाकडे येऊ दे." मग ऊन पाण्यात पिळलेलं फडकं. मग तुझी बोटं, दूध काढत, बोंडाभोवतीचा कडकपणा मऊ होईपर्यंत. मी ओरडले. ओरड, पण हलू नको, असं तू म्हणालीस. दाराबाहेर आबा खाकरले आणि निघून गेले. दुधाचा थेंब तिच्या ओठावर पडला, तिनं चाटला, पुन्हा पडला, आणि एकदाचं तिचं तोंड जांभई दिल्यासारखं उघडलं. त्या क्षणी तू काहीतरी केलंस. मला कळ आली ती थेट पाठीत. मग कळ ओसरली आणि तिचं गिळणं ऐकू आलं. तू भिंतीला टेकून पाय पसरून बसलीस.

पाणी उतरल्यावर आत्या आल्या. नाववाल्याला शिव्या देत, गुडघ्यापर्यंत चिखल. त्यांनी कडुलिंबाचा पाला उकळायला लावला, माझी छाती धुतली, पोर उचलून दिली. पोर लगेच लागली. बिचारीला आता सवय झाली होती. आत्या ओट्यावर जाऊन गल्लीला सांगत सुटल्या, "आत्यानी वाट देखत व्हती पोर." मी तुझ्याकडे पाहिलं. तू खण आणि नारळ त्यांच्या ओटीत घातलास आणि म्हणालीस, "तुमना हातले यश शे, अक्का." नंतर चुलीपाशी तू पाठमोरी होतीस आणि तुझे खांदे हलत होते. मला त्या हसण्याचा राग आला होता. आत्या दर दिवाळीला ती गोष्ट सांगायच्या आणि मला दर दिवाळीला राग यायचा.

आता तीच पोर धुळ्यात माझ्या घरी बाळंत झाली आहे. मुलगा आहे. इथं कुणी अडवलेलं नाही, पहिल्या दिवसापासून ती त्याला जवळ घेते आहे, आणि तो घेत नाही. दवाखान्यातली नर्सबाई येऊन गेली. तिनं धरायचं कसं ते दाखवलं, काढलेलं दूध चोचीच्या बोंडल्यानं पाजा, प्रयत्न सोडू नका म्हणाली. बोंडल्यातलं अर्धं त्याच्या मानेवर ओघळतं. त्याचा आवाज बारीक होत चालला आहे. मी स्वयंपाकघरातून खोलीत आणि खोलीतून स्वयंपाकघरात फिरते आहे. दूध उतू गेलं, भात लागला. जावई दाराशी येतात, परत जातात. वाकू नकोस, हे मी तिला सांगितलं. फडक्यानं शेकलं. दूध काढून मऊ केलं. तो तोंड उघडतो, आणि तिथून पुढे मला काही ठाऊक नाही. मी त्या दिवशी डोळे मिटून घेतले होते, माय. तुझा हात तिच्या मानेमागे होता की पाठीवर? हनुवटी आधी टेकवलीस की ओठ? माझ्या अंगाला काय झालं ते सगळं मला आठवतं. तुझे हात आठवत नाहीत.

तुला वाचता येत नव्हतं. जिवंत असतीस तर हे मी लिहिलेलं कुणाकडून तरी वाचून घ्यावं लागलं असतं, आणि असलं काही तू परक्या माणसाला वाचू दिलं नसतंस. म्हणजे मला गाडी करून तुझ्याकडे यावंच लागलं असतं. दुपारी लेकीनं विचारलं, आजीनं नेमकं कसं केलं होतं. मी जराही न थांबता दाखवलं, असं, मान अशी, हात असा. ती मन लावून बघत होती. ते सगळं मी माझ्या मनानं केलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाणी तापवायला गेले होते. परत आले तर ती कुशीवर पडली होती आणि बाळ अंगाला लागलं होतं. तिनं हातानंच मला थांबवलं, म्हणून मी दारात उभी राहिले. डावीकडे घेतो. उजवीकडे अजून घेत नाही.